छातीतला खड्डा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मला रेडिओवर बोलावतात ते बहुतेक वेळा कवितेसाठी. आज मात्र मी छातीबद्दल बोलणार आहे, हाडामांसाच्या खऱ्याखुऱ्या छातीबद्दल. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला माणूस आहे आणि शाळेत शास्त्राच्या पेपरला कसाबसा पास व्हायचो. पण आमच्या घरावर असा एक प्रसंग आला की महाधमनी, उरोस्थी, कूर्चा हे शब्द मला पाठ झाले. डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं आणि नंतर मी वाचून जे पडताळून घेतलं, ते चार लोकांना सांगावं असं फार दिवस मनात होतं. आमच्या घरी हे कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर बरंच काही टळलं असतं.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, इचलकरंजीला दिलेली. तिचा मुलगा १९९५ साली जन्मला. बाळ गुटगुटीत होतं, पण छातीच्या मधोमध, जिथे दोन्हीकडच्या बरगड्या येऊन मिळतात तिथे, एक खळगा होता. मालिश करताना तेल त्या खळग्यात साठायचं. सासूबाई म्हणाल्या, मालिश करताना आईनंच जोरात दाबलं असणार. शेजारची एक बाई म्हणाली, ग्रहणात बाहेर फिरली असेल. कुणी मुडदूस म्हणालं, कुणी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवल्या. आपानं हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं पहिलं वाक्य मनात कायमचं धरून ठेवलं. पुढे कित्येक वर्षं ती माझ्याजवळ आमच्या दखनीत एकच म्हणायची, "मेरेच हातसे हुआ ये."

मंडळी, पहिली गोष्ट इथेच सांगून टाकतो. हा खड्डा मालिशनं पडत नाही, ग्रहणानं पडत नाही आणि आईच्या कुठल्याही चुकीनं पडत नाही. मुडदुसातही छातीचा आकार बिघडतो, पण तो प्रकार वेगळा.

आपल्या छातीचा पिंजरा बरगड्यांच्या बारा जोड्यांचा असतो. समोर मधोमध एक चपटं हाड असतं, गळ्याच्या खळीपासून पोटाच्या वरच्या टोकापर्यंत. त्याला उरोस्थी म्हणतात. वरच्या सात बरगड्या थेट या हाडाला येऊन मिळतात. पण हाडाला हाड चिकटत नाही, मध्ये कूर्चेचा तुकडा असतो. कानाच्या पाळीच्या वर हात लावून बघा, तिथे जे लवचिक लागतं त्याच जातीचा, पण जास्त टणक. या कूर्चांची वाढ काही मुलांमध्ये बिघडते. मग मधलं हाड आत ढकललं जातं किंवा बाहेर येतं. आत गेलं की छातीत नरसाळ्यासारखा खड्डा दिसतो. त्याला वैद्यकात पेक्टस एक्सकॅव्हेटम म्हणतात. बाहेर आलं की कबुतराच्या छातीसारखा उंचवटा दिसतो; ते पेक्टस कॅरिनेटम. खड्ड्याचा प्रकार साधारण दर तीनशे-चारशे मुलांमागे एकाला असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त. म्हणजे हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार नाही. हजार-बाराशे मुलांच्या शाळेत असा एखाद-दुसरा मुलगा निघतोच. तो शर्ट काढत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही.

आमचा भाचाही शर्ट काढायचा नाही. पंचगंगेवर पोरं पोहायला जायची, हा काठावर कपडे सांभाळत बसायचा. मी कवी माणूस, भाषेवर पोट नसलं तरी जीव भाषेवर. तेव्हा मला आपल्या मराठीचीच लाज वाटायची. आपण छाती काढून चालतो, छातीठोकपणे बोलतो, संकटात छातीचा कोट करतो. पुरुषाची सगळी हिंमत आपण या एका अवयवात कोंबून ठेवली आहे. ज्याची छाती देवानंच आत घातली, त्या पोरानं या भाषेत कसं जगायचं?

वयात येताना उंची भराभर वाढते, तेव्हा हा खड्डाही खोल होत जातो. त्याचंही तसंच झालं. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो ताडमाड वाढला, हातपाय काठीसारखे लांब झाले आणि छाती आणखी आत गेली. जिना चढताना धाप लागायची. कोल्हापूर-इचलकरंजीकडे अशा पोरावर एकच औषध, तालीम. वस्तादांनी मायेनंच सांगितलं, "जोर मार, बैठका मार, छाती भरून येईल." चार महिने तो जोर मारत होता. छाती भरून आली नाही, कारण खड्डा हाडाचा होता, स्नायूचा नव्हता. व्यायामानं खांदे सरळ होतात, स्नायू भरतात आणि उथळ खड्डा थोडा झाकला जातो. हाड मात्र जागचं हलत नाही. आणि त्याच्या बाबतीत तर जोर मारणं धोक्याचं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

एकदा ताप-खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. तो पाहून एका डॉक्टरांनी सांगितलं की हृदय मोठं झालंय. दुसऱ्यांनी सांगितलं, काही नाही, हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं. मधलं हाड आत आलं की हृदयाला मागे कण्याकडे जायला जागा नसते. मग ते डावीकडे सरकतं, थोडं चपटं होतं, थोडं वळतं. समोरून काढलेल्या एक्स-रेवर असं सरकलेलं हृदय मोठं झाल्यासारखं दिसू शकतं. ईसीजीतही या सरकण्यामुळे फरक दिसतात. म्हणून अशा माणसानं कुठलीही हृदयाची तपासणी करताना आपल्या छातीचा आकार डॉक्टरांना आधी दाखवावा.

खड्डा किती खोल आहे हे मोजायची एक सोपी रीत आहे. अमेरिकेतले बालशल्यविशारद हॅलर यांनी ती १९८७ साली मांडली, म्हणून त्याला हॅलर निर्देशांक म्हणतात. सीटी स्कॅनवर छातीची आतली आडवी रुंदी मोजायची आणि तिला, खड्डा सर्वांत खोल आहे तिथल्या, मधल्या हाडापासून कण्यापर्यंतच्या अंतरानं भागायचं. समजा रुंदी २६ सेंटिमीटर आणि अंतर १० सेंटिमीटर, तर आकडा आला २.६. हे सर्वसाधारण माणसाचं. पण तेच अंतर सहा सेंटिमीटर असेल तर आकडा चारच्या वर जातो. सव्वातीनच्या वर गेला की खड्डा मोठा मानतात. भाच्याचा आकडा साडेचारच्या पुढे होता. सहा सेंटिमीटर म्हणजे किती, ते आपल्या चार बोटांवरून बघा. छातीच्या मधोमध तेवढीच फट उरली, तर हृदयानं जायचं कुठे? उजव्या बाजूचा कप्पा दाबला जातो. बसल्या जागी काही जाणवत नाही, पण धावताना हृदयाला जेवढं भरून यायला हवं तेवढं भरता येत नाही आणि धाप लागते.

अशा छातीवरची शस्त्रक्रिया जुनी आहे. जर्मन शल्यविशारद सावरब्रुख यांनी १९१३ च्या सुमाराला घड्याळाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका अठरा वर्षांच्या मुलावर ती केली. त्याला धापेमुळे काम करता येत नव्हतं. नंतर तो दिवसभर काम करू लागला. १९४९ साली रॅव्हिच यांनी जी पद्धत मांडली ती अनेक वर्षं चालली. तिच्यात वाकड्या कूर्चा काढून टाकायच्या, मधल्या हाडाला छेद द्यायचा आणि ते वर उचलून बसवायचं. पुढे डॉक्टर डोनाल्ड नस यांनी दुसरीच वाट काढली. त्यांनी १९८७ पासून ती वापरली आणि १९९८ साली दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी कूर्चा कापल्याच नाहीत. धनुष्यासारखी वाकवलेली धातूची पट्टी काखेखालच्या छोट्या छेदातून मधल्या हाडाच्या मागून पलीकडे न्यायची आणि आतल्या आत उलटवायची. पट्टीचा फुगीर भाग हाडाला बाहेर रेटतो. दोन-तीन वर्षांत छाती त्या आकारात टिकून राहायला शिकते, मग पट्टी काढून घेतात. वाकडं झाड काठीला बांधून सरळ करावं तसं. उथळ खड्ड्यांना यातलं काहीच लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो.

२०१८ साली भाचा तेवीस वर्षांचा होता. चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता म्हणून तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी बाहुली मोठी करून तपासलं आणि म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय." मग त्यांनी त्याला उभं केलं, हात पसरायला लावले. दोन्ही हातांचं टोकापासून टोकापर्यंतचं अंतर त्याच्या उंचीपेक्षा बरंच जास्त भरलं. अंगठा मुठीत घेऊन मूठ मिटायला सांगितलं, तर अंगठा करंगळीकडून बाहेर आला. एका हाताच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दुसऱ्या मनगटाला विळखा घालायला सांगितलं, तर दोन्ही नखं एकमेकांवर आली. शेवटी त्यांनी विचारलं, "छातीला काही?" त्यानं शर्टाची बटणं काढली. बाईंनी डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवरच खाली लिहिलं : हृदयाचा इको, ताबडतोब.

या आजाराचं नाव मार्फन सिंड्रोम. फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फन यांनी १८९६ साली लांब, सडसडीत बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, त्यांच्या नावानं तो ओळखला जातो. साधारण पाच हजारांत एकाला असतो. आपल्या शरीरात सगळीकडे जोडकामाचा एक माल असतो. तो सांधे बांधतो, डोळ्यातलं भिंग जागेवर धरतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बळकटी देतो. त्या मालातला एक धागा म्हणजे फायब्रिलिन नावाचं प्रथिन. ते कसं बनवायचं याचा मजकूर पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. त्यात दोष आहे हे १९९१ साली सापडलं. धागा कच्चा निघाला की हाडं लांबत जातात, छातीचं हाड आत किंवा बाहेर जातं, भिंग सरकतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, तिच्या मुळाशी फुगत जाते.

एरवी तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंद असणारी ही नळी फुगत फुगत पाच सेंटिमीटरपर्यंत गेली, की तिच्या भिंतीला आतून चीर जाण्याचा धोका फार वाढतो. चीर गेली की रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. अचानक, फाडल्यासारखी कळ छातीत किंवा पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये येते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर माणूस काही तासांत, कधी काही मिनिटांत जातो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघातली, साडेसहा फुटांच्या आसपास उंचीची. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसल्या बसल्या कोसळली आणि गेली. वय एकतीस. तिला मार्फन होता हे शवविच्छेदनानंतर कळलं. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तो निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाल्यामुळे तो वाचला.

हे मी वाचत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचे दुल्हेभाई आले. आपाचे यजमान. असेच उंच, सडपातळ. लग्नात शेरवानीच्या बाह्या मनगटाच्या वर राहिल्या म्हणून सगळे हसले होते. यंत्रमागावर कामाला होते. २००४ साली रात्रपाळीत असताना त्यांच्या पाठीत कळ आली. सोबतच्यांना वाटलं वात असेल, कुणीतरी पाठ चोळून दिली. पहाटे रिक्षात घालून नेलं, वाटेतच संपले. एकोणचाळीस वर्षांचे होते. सगळे म्हणाले हार्ट ॲटॅक आणि आम्हीही तेच धरून चाललो. भाच्याच्या डॉक्टरांनी त्यांचा लग्नातला फोटो मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बहुतेक हेच असणार." ज्याला हा आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. चारांतल्या एकाला मात्र तो घरात कुणाला नसताना नव्यानंच होतो.

आपा त्या खोलीत होती. मालिशचं ओझं तिच्या मनावरून उतरलं ते त्याच क्षणी आणि त्याच क्षणी दुसरं येऊन बसलं. ती फक्त म्हणाली, "पाठ मीपण चोळली असती."

भाच्याची महाधमनी पहिल्या इकोत ४.६ सेंटिमीटर होती. रक्तदाब आणि नाडी खाली ठेवणारी औषधं सुरू झाली. वजन उचलणं बंद, जोर-बैठका कायमच्या बंद. कारण जोर लावताना रक्तदाब एकदम उसळतो आणि तो दाब त्या कच्च्या भिंतीवर पडतो. वर्षभरात आकडा ५.१ झाला. शस्त्रक्रिया ठरली. आणि आता छातीतला तो खड्डा, ज्याला एकानं दिसण्याचा प्रश्न म्हटलं होतं, सगळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत साधारणपणे छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं उभं चिरतात आणि दोन्ही भाग फाकवतात. खाली हृदय समोरच दिसतं. काम झालं की हाड स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. आता कल्पना करा की हे हाड आत खचलेलं आणि एका बाजूला कललेलं आहे. करवत चालवायची तर हृदय अगदी टेकलेलं. फाकवायचं तर कडा खाली दबतात, वर येत नाहीत. आणि हृदय डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला लपलेलं. बायपासच्या रुग्णाच्या छातीत असा खड्डा असेल तर हीच अडचण वेगळ्या रूपात येते : छातीच्या आतल्या बाजूनं जाणारी जी धमनी बायपाससाठी सोडवून घेतात तिच्यापर्यंत पोचणं अवघड, आणि हृदय उचलून मागची बाजू बघायची तर उचलायला जागा नाही.

खरी परीक्षा छाती बंद करताना असते. तासन्‌तास काम झालेलं हृदय थोडं सुजलेलं असतं. त्यावर खचलेलं हाड पुन्हा बसवलं की ते दाबलं जातं आणि रक्तदाब पडू शकतो. तिथून निभावलं तरी बसवलेली नवी नळी हाडाच्या पाठीला चिकटून बसते. मार्फनच्या रुग्णाला पुढे आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. तेव्हा करवत सरळ त्या नळीवरच येण्याची भीती. आमच्या सर्जनांनी हे समजावताना टेबलावर आपला हात पालथा ठेवला आणि म्हणाले, "समजा घराचं आढं खचलंय आणि त्याच्याखालची पाण्याची मुख्य नळी बदलायचीय. आधी आढं, की आधी नळी?"

तीन वाटा होत्या. पहिली, फक्त हृदयाचं करायचं आणि छाती तशीच ठेवायची. खड्डा लहान असेल तर हेच करतात. इथे तो लहान नव्हता. दुसरी, दोन वेळा दोन शस्त्रक्रिया. पण छाती आधी करायची तर फुगलेली महाधमनी थांबायला तयार नाही, आणि हृदय आधी करून छाती नंतर करायची तर दुसऱ्या वेळी आत सगळं चिकटलेलं असतं, त्यातून पट्टी नेताना हृदयाला इजा होऊ शकते. तिसरी, एकाच बैठकीत दोन्ही. यात हृदय डोळ्यांसमोर उघडं असतं, त्यामुळे पट्टी बघून बसवता येते. पण वेळ वाढतो. हृदय-फुफ्फुस यंत्रासाठी हेपरिन देऊन रक्त गोठू न देण्याची व्यवस्था केलेली असते, त्यात कूर्चा कापल्या तर रक्त झिरपत राहतं. आणि नव्या नळीजवळ धातू ठेवायचा म्हणजे जंतुसंसर्ग झाला तर फार महागात पडतं.

भाच्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या मुलाचं असतं तर काय केलं असतं?" ते म्हणाले, "एकाच वेळी. कूर्चा न कापता, पट्ट्या घालून."

२०१९ च्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. पैसे थोडे ट्रस्टकडून, बाकीचे नात्यागोत्यातून जमवले. रक्त द्यायला यंत्रमागावरचे दुल्हेभाईंचे जुने सोबती आले होते, त्यात पाठ चोळणारा तो माणूसही होता.

आत काय केलं ते सांगतो. हृदय-फुफ्फुस यंत्रावर शरीराचा कारभार सोपवून हृदय थांबवलं. महाधमनीचा फुगलेला मूळ भाग काढून टाकला. १९६८ साली लंडनच्या ह्यू बेंटॉल यांनी सांगितलेल्या पद्धतीत नळीबरोबर झडपही बदलतात. ती धातूची असेल तर जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वारंवार रक्ततपासणी. भाच्याची झडप चांगली होती, म्हणून टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांनी १९९२ साली मांडलेली पद्धत वापरली : स्वतःची झडप ठेवायची, भोवतालची भिंत फक्त बदलायची. हृदयाकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्यांची तोंडं नव्या नळीला शिवली. हृदय सुरू झालं. हेपरिनचा परिणाम घालवणारं औषध दिलं, रक्त थांबल्याची खात्री केली. मग मधल्या हाडाच्या मागून दोन वाकवलेल्या पट्ट्या बघून ठेवल्या, हाड तारांनी बांधलं आणि पट्ट्या उलटवल्या. छाती वर आली. सर्जन नंतर म्हणाले, पट्ट्या उलटवल्या तेव्हा रक्तदाब पडण्याऐवजी सुधारला. हृदयाला पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

ती नवी नळी कशाची असते माहीत आहे? डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यूस्टनचे डॉक्टर मायकेल डेबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, ते संपलं होतं म्हणून डेक्रॉन घेऊन आले आणि घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी नळ्या शिवून पाहिल्या. पुढे वयाच्या ९७ व्या वर्षी, २००६ मध्ये, त्यांच्या स्वतःच्याच महाधमनीवर शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. हे मी आपाला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कापडच ना? ह्याच्या अब्बांनी जन्मभर तेच विणलं."

पुढचे दिवस सोपे नव्हते. पट्ट्यांचं दुखणं हृदयाच्या दुखण्यापेक्षा जास्त होतं. अनेक आठवडे पाठीवरच झोपायचं, कूस बदलायची नाही, ओझं उचलायचं नाही. पाकिटात एक कार्ड ठेवायचं : माझ्या छातीत धातूच्या पट्ट्या आहेत. कारण अशा माणसाचं हृदय बंद पडलं आणि छाती दाबायची वेळ आली तर जास्त जोर लावावा लागतो आणि विजेचा झटका द्यायचा तर एक पॅड पुढे, एक पाठीला लावणं बरं. पट्ट्या २०२२ साली काढल्या. औषधं मात्र चालूच आहेत आणि उरलेल्या महाधमनीची तपासणी दरवर्षी, जन्मभर. आजार बरा झालेला नाही. तो जनुकात आहे. त्याचा सर्वांत मोठा दात तेवढा काढला आहे.

भाच्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी केली. तीही उंच आहे, त्यामुळे निकाल येईपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. तिला आजार नाही. भाच्याचं लग्न ठरताना त्यानं मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं, मुलांना येण्याची निम्मी शक्यताही सांगितली. एक स्थळ गेलं. दुसऱ्यानं विचार करायला महिना मागितला आणि मग होकार दिला. लपवून ठेवलं असतं तर पहिलंही गेलं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा आपाच बोलली, "लपवल्यानं काय होतं ते आम्ही एकदा पाहिलंय. आम्हाला तर लपवतोय हेसुद्धा माहीत नव्हतं."

मित्रहो, छातीत खड्डा असलेल्या बहुतेकांना मार्फन नसतो. हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो, नाहीतर माझं भाषण ऐकून घरोघरी घबराट व्हायची. मुठीतून अंगठा बाहेर आला एवढ्यावरूनही आजार ठरत नाही. माझ्या एका पुतण्याचा येतो आणि तो ठणठणीत आहे. पण मूल घरातल्या इतरांपेक्षा फारच उंच, हातपाय आणि बोटं लांबसडक, छाती आत किंवा बाहेर, कणा वाकलेला, डोळ्यांचा नंबर मोठा आणि घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर हृदयाचा एक इको करून घ्या. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही, अर्ध्या तासात होतो. आणि अशा पोराला तालमीत घालण्यापूर्वी, कबड्डीच्या संघात घेण्यापूर्वी करून घ्या. वस्तादांनो, पीटीच्या सरांनो, तुम्ही पोरांना शर्टाशिवाय पाहता. डॉक्टरांच्या आधी हे तुम्हाला दिसू शकतं.

आणि एखाद्या बाळाच्या छातीत खळगा दिसला, तर त्याच्या आईला काही बोलू नका. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.

भाच्याच्या छातीवर आता गळ्यापासून पोटापर्यंत एक लांब रेघ आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. विहिरीवर पोरं उड्या मारत होती. उड्या मारायची त्याला परवानगी नाही. तो पायऱ्यांनी खाली उतरला, शर्ट काढून पायरीवर ठेवला आणि हळूच पाण्यात शिरला. एका लहान मुलानं विचारलं, "दादा, हे काय झालंय?" तो म्हणाला, "इथं आधी खड्डा होता." आणि ते मूल पुन्हा पोहायला लागलं.